टी-शर्ट छापून घेण्याची सोपी रीत

मंडळाच्या बैठकीत ‘टी-शर्टचं तू बघ’ असं ज्याला सांगितलं गेलं आहे, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ही जबाबदारी कुणी मागून घेत नाही. मिसळ संपवून जो सगळ्यात आधी मोबाइलमधून डोकं वर काढतो, त्याच्याकडे ती जाते. तुमच्याकडे आली असेल तर घाबरू नका. आपलं नाशिक हे छपाईचंच गाव आहे. 1925 साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. तोवर इंग्लंडमधून छापून येणारी आपली टपाल तिकिटं मग इथे निघू लागली. 1928 साली शेजारीच करन्सी नोट प्रेस आली. आज पासपोर्टही सिक्युरिटी प्रेसमध्येच छापतात. नोट प्रेसमधून निघालेल्या नोटेवरची बारीक अक्षरं भिंगाखाली सुबक दिसतात, आणि त्याच शहरात मंडळाच्या छातीवरचं ‘मित्र मंडळ’ दोन हातांवरून ‘मित्र मडळ’ वाचलं जातं. यात यंत्राचा दोष फार थोडा. नोट प्रेसला आदल्या रात्री अकरा वाजता कुणी व्हॉट्सअॅपवर लोगो पाठवत नाही, एवढंच.

पायरी पहिली : रंग ठरवा

खरं तर आधी कापड ठरवायला हवं. पण तुमच्या मंडळाने बैठकीत रंग आधी ठरवला आहे, आणि तो काळा आहे. काळ्यावर गुलाल दिसत नाही असं कुणीतरी ठामपणे सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. विसर्जनाच्या दिवशी वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली की तासाभरात याचं उत्तर मिळतं.

कापड म्हणजे सुती की पॉलिस्टर, हा एकच प्रश्न आहे. पुढची सगळी छपाई त्याच्यावर अवलंबून असते. आपल्या जिल्ह्यात येवल्याची पैठणी आहे, मालेगावचे यंत्रमाग आहेत, म्हणजे टी-शर्टचं कापडही इथलंच असेल असा गोड समज करून घेऊ नका. मालेगावात कापड विणतात ते उभ्या-आडव्या धाग्यांचं. टी-शर्टचं कापड असतं होजिअरीचं, फासे घालून विणलेलं, म्हणून तर ते ताणलं जातं. सुती कोरा टी-शर्ट बहुतेक वेळा तमिळनाडूतल्या तिरुपूरहून आलेला असतो. दुकानदार तुम्हाला जीएसएम सांगेल, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. 180 म्हणजे चांगला जाडसर. 140 म्हणजे आतल्या बनियनची कंपनी कोणती हेही वाचता येईल.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तर नमुन्याचा एक नग घरी आणा, आतल्या शिवणीतला धागा काढून त्याला काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दोन्ही झालं तर कापड मिश्र आहे. हा प्रयोग दुकानात करू नये. निकाल काहीही लागला तरी पुढची बोलणी बिघडतात.

पायरी दुसरी : पद्धत निवडा

आता तुम्ही छपाईवाल्याकडे जाता आणि विचारता, “भाऊ, सगळ्यात चांगली प्रिंट कोणती?” हा प्रश्न विचारल्याबरोबर तुम्ही नवशिके आहात हे त्याला कळतं, आणि त्याच्या दुकानात जे मशीन आहे तीच सगळ्यात चांगली प्रिंट ठरते. म्हणून निदान चार नावं माहीत असावीत.

सगळ्यात जुनी आणि अजूनही भरवशाची म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी असते, तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारं रसायन लावतात, डिझाइनची फिल्म ठेवून उजेड देतात. जिथे उजेड पोचत नाही तिथलं रसायन पाण्याने धुतलं जातं आणि जाळी मोकळी राहते. मग स्क्वीजीने शाई ओढली की मोकळ्या जागेतून ती कापडावर उतरते. लग्नपत्रिका छापायची तीच ही विद्या. यातला कळीचा नियम असा की प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. तीन रंग, तीन स्क्रीन, आणि तिन्ही एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्यात. नाही बसल्या तर गणपतीच्या सोंडेची लाली सोंडेच्या शेजारी उमटते.

रंगागणिक वेगळा साचा, ही भानगड नवी नाही. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछपाईतही प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम करणारा एक तरुण आपल्याच त्र्यंबकेश्वरात 1870 साली जन्मला होता. पुढे त्याने स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणायला 1909 मध्ये जर्मनी गाठली, मग भागीदारांशी बिनसलं आणि तो छपाईतून बाहेर पडला. 1913 मध्ये त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तेव्हा टी-शर्टवरून तुमचं खजिनदाराशी वाजलं तर खचून जाऊ नका. दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण घरचंच आहे.

स्क्रीनचा हिशेब नीट समजून घ्या, कारण खजिनदार तो विचारणार आहे. समजा, एका स्क्रीनचे 300 रुपये पडले. तीन रंगांचे 900. नऊ टी-शर्ट छापले तर नगामागे शंभर रुपये नुसते स्क्रीनचे. तीनशे छापले तर तीन रुपये. म्हणून छपाईवाला तुम्हाला आधी ‘किती नग?’ विचारतो आणि तुम्ही ‘ते नंतर सांगतो’ म्हणता तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पन्नासच्या पुढे नग आणि एक-दोन रंग असतील तर डोळे मिटून स्क्रीन घ्या. माझं मत विचाराल तर गडद कापडावर एकाच पांढऱ्या रंगात छापलेल्या ठसठशीत अक्षरांइतकं देखणं दुसरं काही नसतं. पण बैठकीत हे बोलू नका. एका रंगाला ‘साधं दिसतं’ म्हणतात.

स्क्रीनची नेहमीची शाई असते प्लास्टिसॉल. ती वाळत नाही, ती शिजावी लागते, साधारण 160 अंश सेल्सिअसला. घाईच्या वेळी टी-शर्ट दोरीवर टाकून ‘ऊन आहे ना’ म्हणणारे लोक असतात. अशी छपाई हाताला कोरडी लागते आणि पहिल्या धुण्यात बादलीत उतरते. माल हातात आला की छपाई दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहा. तडे गेले तर ती कच्ची राहिली आहे. पाण्याच्या शाईची छपाई हाताला मऊ लागते, उकडत नाही, पण गणपतीच्या दिवसांतल्या आपल्या दमट हवेत ती सुकायला वेळ घेते. तुमच्याकडे तेवढा वेळ नसेल. कधीच नसतो.

ढोल पथकवाल्यांना एक वेगळी सूचना. ढोल कंबरेला बांधला जातो आणि पोटावर घासत राहतो. पोटापर्यंत लोंबणारं मोठं चित्र छापलं तर सरावाच्या आठवड्यातच त्याचा खालचा भाग निघून जातो. छापायचं ते छातीवर वरच्या बाजूला, नाहीतर पाठीवर. पाठ तशीही जास्त उपयोगाची. मिरवणुकीत मागचे लोक दुसरं पाहणार काय?

दुसरी पद्धत सबलिमेशन. यात शाई कागदावर छापतात, कागद कापडावर ठेवतात आणि 200 अंशांच्या आसपास दाबतात. शाईचा वायू होतो आणि तो धाग्यात शिरतो. हाताला काहीच लागत नाही, सोलत नाही, कितीही रंग वापरा, दर तोच. आपल्याकडच्या सायकलवाल्यांच्या जर्सी अशाच. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, नाशिक सायकलिस्टची पंढरपूर सायकल वारी दरवर्षी निघते. गावात सायकलीइतक्याच रंगीबेरंगी जर्सी फिरतात. तुमच्या एखाद्या सभासदाकडे तशी एक असतेच आणि तो ती बैठकीत आणून म्हणतो, “आपल्याला सेम अशी.”

तशी होणार नाही, याची दोन कारणं आहेत. सबलिमेशन पॉलिस्टरलाच धरतं. सुती कापडावर ते पहिल्या धुण्यात फिकं पडतं आणि मग जवळजवळ निघूनच जातं. दुसरं, या शाईत पांढरा रंग नसतो, ती पारदर्शक असते, त्यामुळे कापड पांढरं किंवा अगदी फिकं हवं. तुम्ही काळा ठरवलाय. सायकलवाल्यांची काळी जर्सी दिसते ती मुळात पांढरीच असते, तिच्यावर काळा छापलेला असतो, आणि तोही कापड बेतून, शिवायच्या आधी. हे सगळं त्या सभासदाला समजावून सांगा. तो ऐकून घेईल आणि शेवटी म्हणेल, “पण सेम अशीच पाहिजे.”

पॉलिस्टरची आणखी एक गंमत. लाल पॉलिस्टरवर साधी पांढरी प्लास्टिसॉल छापून ती तापवली की कापडातला रंग वर चढतो आणि पांढरी अक्षरं हळूहळू गुलाबी होतात. कधी लगेच, कधी गठ्ठ्यात दोन दिवस राहिल्यावर. त्यावर वेगळी शाई मिळते किंवा खाली राखाडी थर द्यावा लागतो. हे छपाईवाल्याला माहीत असतं. तुम्ही विचारलं तर तो सांगतो.

पायरी अडीच : भाऊंचा फोटो

इथवर तुम्ही स्क्रीन प्रिंटिंग पक्कं केलेलं असतं आणि दरही ठरलेला असतो. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन येतो. टी-शर्टचा सगळा खर्च भाऊ करणार आहेत. भाऊ म्हणजे भावी नगरसेवक. त्यांची अट काहीच नाही, फक्त पाठीवर फोटो हवा. हसरा, हात जोडलेला, मागे भगवी आभा, खाली ‘सौजन्य’.

छपाईचं शास्त्र इथे संपतं आणि तिसरी पद्धत, डीटीएफ, सुरू होते. स्क्रीनवर फोटो होत नाही असं नाही, पण तो ठिपक्यांत फोडावा लागतो, चार रंगांच्या स्क्रीन नेमक्या बसवाव्या लागतात आणि जरा चूक झाली की भाऊंना कांजिण्या आल्यासारख्या दिसतात. डीटीएफमध्ये पारदर्शक फिल्मवर रंगीत शाई, तिच्यावर पांढरी शाई छापतात, ओल्यावरच गोंदाची पूड टाकून ती वितळवतात. मग फिल्म टी-शर्टवर ठेवून साधारण 150-160 अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबायची आणि सोलायची. सुती, पॉलिस्टर, काळं, पांढरं, काहीही चालतं. एक नगही छापून मिळतो. गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली ही मशीनं आली ती याच सोयीमुळे.

तोटा एकच, की ती चिकटवलेली फिल्म आहे. भाऊ जेवढे मोठे, तेवढी पाठ बंद. त्यातून हवा जात नाही. भर मिरवणुकीत अर्धी पाठ झाकलेला कार्यकर्ता घामाने निथळतो, आणि घामाचं कारण त्याला समजत नाही. डिझायनरला सांगा की मागची आभा काढून टाक, अक्षरांमधली जागा मोकळी ठेव, भरीव चौकोन नको. आभा निघणार नाही, पण सांगून ठेवा.

चौथी पद्धत व्हिनाइलची. रंगीत पापुद्रा कटरने कापायचा, नको तो भाग उचकटायचा, उरलेला दाबून चिकटवायचा. क्रिकेटच्या जर्सीवर प्रत्येकाचं नाव आणि नंबर वेगळा हवा असतो, तिथे हिचा उपयोग. डीटीजी नावाचीही एक आहे, ती कापडावर थेट छापते, सुती कापडावर सुंदर दिसते, पण काळ्यावर आधी रसायन मारावं लागतं आणि एकेका नगाला वेळ लागतो. शंभर टी-शर्टांसाठी तिचं नाव काढू नका. आणि कुणी ‘एम्ब्रॉयडरी करू’ म्हणालं तर त्याला खजिनदाराकडे पाठवा.

पायरी तिसरी : मजकूर

इंग्रजीत टी-शर्ट छापणाऱ्यांना जी अडचण फारशी येत नाही, ती आपल्याला पहिल्या अक्षरापासून येते. आपल्या लिपीत वरखाली बरंच काही चाललेलं असतं. व्हिनाइलमध्ये नको तो पापुद्रा उचकटताना अनुस्वार त्याच्याबरोबर निघून जातो, कारण तो कशालाच जोडलेला नसतो. चिमट्याने परत ठेवावा लागतो, आणि रात्री दोन वाजता तो चिमटा कुणी हातात घेत नाही. डीटीएफमध्ये बारीक टिंबाला गोंदाची पूड नीट धरत नाही, ते दोन धुण्यांत उडतं. स्क्रीनच्या जाळीत ते बुजतं. अशा रीतीने ‘शिवजयंती’ची ‘शिवजयती’ होते आणि ‘संघा’चा ‘सघ’. उलटही होतं. स्क्रीनवर धुळीमुळे सुईएवढं भोक राहिलं, त्याला पिनहोल म्हणतात, तर प्रत्येक नगावर तिथे शाईचा ठिपका पडतो. तो नेमका शिरोरेषेच्या वर पडला की ‘नाशिक’चं ‘नांशिक’ होतं. शंभर टी-शर्टांवर एकसारखं ‘नांशिक’ दिसलं की लोक समजतात की हे मुद्दाम केलंय.

म्हणून अक्षर जाड घ्या, अनुस्वार त्याहून जाड घ्या. कॅलिग्राफी हवीच असेल तर नाव कॅलिग्राफीत आणि बाकीचं साध्या अक्षरात. ‘श्री’च्या शेपटीतून तलवार, तलवारीतून ध्वज आणि ध्वजातून ‘स्थापना’ निघालेली असेल, तर मंडळाचं नाव वाचता येतं का हे मंडळाबाहेरच्या माणसाला विचारा.

फाइल ही त्याहून मोठी गोष्ट. छपाईवाला म्हणेल, ‘सीडीआर द्या’. म्हणजे कोरल ड्रॉची फाइल. तुमच्याकडे असतो गेल्या वर्षीच्या बॅनरच्या फोटोतून कापलेला लोगो, पाच ग्रुपांतून फिरून आलेला. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली गोष्ट आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. आणि डिझायनरने मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात केला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तुमचं मंडळ उघडतं तेच कंस, टक्के आणि रोमन अक्षरांच्या रूपात. त्याला सांगा, “सगळं कर्व्ह करून दे.” कंट्रोल आणि क्यू दाबलं की अक्षरांची चित्रं होतात, मग फॉन्ट लागत नाही. मात्र त्यानंतर चूक सुधारता येत नाही, म्हणून आधी वाचा, मग कर्व्ह करा. हे वाक्य पुन्हा वाचा.

पायरी चौथी : आकडा आणि मापं

ग्रुपवर लिहा : ‘आपापलं माप टाका, उद्या संध्याकाळपर्यंत.’ यावर येणारी उत्तरं साधारण अशी असतात. काही अंगठे. एक वाढदिवसाच्या शुभेच्छा. ‘मला लार्ज’ असं लिहिणारे पाचजण, ज्यांना लग्नाआधी लार्ज व्हायचा. ‘माझ्या भाच्याला पण एक’. आणि ‘मीडियम, पण लूज पाहिजे’.

मापाचा आकडा छातीचा असतो, 38, 40, 42 असा, आणि एका कंपनीचा एक्सएल दुसऱ्या कंपनीचा लार्ज असतो. छपाईवाल्याकडून नमुन्याचे नग आणा आणि बैठकीत घालून पाहायला लावा. लोक लाजून एक माप कमीच सांगतात, तुम्ही यादी करताना गुपचूप एक वाढवा. शंभराची यादी असेल तर दहा नग जास्त छापा. स्क्रीन एकदा धुतली की पुढचे दहा टी-शर्ट पुन्हा पहिल्या दराने पडतात, आणि भाचा तर येणारच आहे.

पायरी पाचवी : तारीख

ही खरं तर पहिली पायरी. विसर्जन अनंत चतुर्दशीला आहे हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं, तरी दरवर्षी ते मंडळावर अचानक येऊन कोसळतं. शेवटच्या चार दिवसांत शहरातलं प्रत्येक मंडळ, पथक आणि सोसायटी एकाच वेळी छपाईवाल्याच्या दारात उभी असतात. त्या वेळी तुम्ही पद्धत निवडत नाही. ज्याच्याकडे कोरा माल शिल्लक आहे आणि मशीन चालू आहे, त्याची पद्धत तुमची.

छपाईवाला काय म्हणतो आणि त्यामागे काय असतं, तेही सांगतो. ‘हेड चोक झालंय’ हे बहुतेकदा खरं असतं. डीटीएफच्या पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड असल्याने तळाशी बसतं आणि मशीन एक दिवस बंद राहिलं तरी नळ्या तुंबतात. ‘मुलगा गावाला गेलाय’ हेही खरं असतं, कारण दाबणारा मुलगा एकच असतो आणि गणपतीला तोही गावी जातो. ‘संध्याकाळी या’ याचा अर्थ अजून स्क्रीन बनलेली नाही. ‘निघालाच आहे’ याचा अर्थ ती आता बनेल.

रंगपंचमीच्या टी-शर्टबद्दल लोक मला विचारतात, म्हणून तेही लिहून टाकतो. शनी चौक, तिवंधा किंवा दिल्ली दरवाजाच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारायला जाणार असाल तर छपाईवर एक रुपयाही घालवू नका. पांढरा सुती टी-शर्ट घ्या. पेशवेकाळापासून ती रहाड जो रंग लावते तो मंडळाच्या बजेटमध्ये बसणारा नाही आणि त्याला स्क्रीनचा खर्चही नाही. पॉलिस्टर घालून गेलात तर रहाडीचा रंग तुमच्या अंगावर राहील, टी-शर्टवर नाही.

माल हातात आल्यावर धुण्याची पद्धत घरात सांगा : उलटा करून, थंड पाण्यात, आणि छपाईवर थेट इस्त्री नको. कुणी ऐकणार नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत तो टी-शर्ट फरशी पुसायला जातो, आणि तिथे पाण्याच्या शाईची छपाई सरस ठरते, कारण भाऊ पाणी शोषत नाहीत.

आता शेवटचं काम. 2027 चा सिंहस्थ समोर आहे आणि गावातलं प्रत्येक मंडळ स्वयंसेवकांसाठी टी-शर्ट काढणार. तुमच्यावर पुन्हा जबाबदारी येईल. ऑर्डर लिहून द्या, त्यात कापड, जीएसएम, रंगांची संख्या, मापं आणि तारीख टाका. पूर्ण छपाईआधी एक नग हातात घेऊन उजेडात पाहा आणि ‘सिंहस्थ’वरचा अनुस्वार जागेवर आहे याची खात्री झाल्याशिवाय ‘चालू द्या’ म्हणू नका.